उजवीकडची खिडकी

मोआगीला सरकार खिडकीतून बघण्याचा पगार देत असे. दर महिन्याला तो माउनच्या विमानतळावरून सहा आसनांच्या भाड्याच्या विमानात बसे, रानरेड्यांच्या कुंपणाच्या कडेने दूरवर जाई आणि हत्तींनी कुठे खांब पाडले, कुठे तारा तुडवल्या, ते टिपून आणी. कुंपणाच्या पलीकडे पाणथळ आणि रानरेडे, अलीकडे आमची गुरं. रानरेड्यांच्या अंगात लाळ-खुरकूत मुकाट्याने राहते. आमच्या गुरांच्या अंगात ती मुकाट्याने राहत नाही. म्हणून कायदा सरळ आहे. कुंपणापलीकडे गेलेलं जनावर परत आणायचं नाही, दिसेल तिथे गोळी घालायची. मालक कोण हा प्रश्न त्यात येत नाही.

जाताना कुंपण डाव्या हाताला दिसतं, येताना विमान पाण्याला वळसा घालून लांबून परततं. मोआगी उजवीकडे बसत असे.

त्याच्या मते यात कामचुकारपणा नव्हता. उजवीकडे पाणी होतं. थंडीच्या दिवसांत, इकडे पावसाचा थेंब नसताना, उत्तरेच्या डोंगरांतून उतरलेलं पाणी रानभर पसरतं. वरून त्याचे फाटे एखाद्या म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारखे दिसतात, मध्ये ताडांची बेटं, बेटांच्या कडेला खारानं पांढरी पडलेली माती. हे सगळं सोडून डावीकडच्या तारा बघत बसायचं म्हणजे देवाचा अपमान, असं मोआगी म्हणे. तो चर्चला फारसा जात नसे.

तयारी मात्र त्याची चोख असे. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब पडू नये म्हणून उड्डाणाच्या दिवशी काळा शर्ट. काच पुसायला मऊ फडकं. कॅमेरा काचेला टेकवायचा नाही, विमानाची थरथर फोटोत उतरते. पंखाचा दांडा मध्ये येऊ नये म्हणून पुढची जागा. वैमानिक कावारी हा हेरेरो जमातीचा माणूस, कमी बोलणारा. सुरुवातीला एकदाच तो म्हणाला होता, “कुंपण इकडे आहे, रा.” आमच्याकडे पुरुषाला आदराने ‘रा’ म्हणतात.

“तुला दिसतंय ना?” मोआगीने डोळ्यावरचा कॅमेरा न काढता विचारलं. “मग मला सांगत जा.”

कावारी समोर बघून विमान चालवत असे. त्यामुळे अहवालात बहुधा ‘कुंपण ठीक’ असं जाई. अगदीच बरं दिसेना तेव्हा मोआगी नकाशावर बोट ठेवून एखाद्या ठिकाणी ‘खांब पडला’ असं लिही. दुरुस्तीची माणसं तिथे जात आणि त्यांना खांब पडलेला सापडेही, कारण त्या कुंपणावर कुठेही गेलं तरी एखादा खांब पडलेला असतोच. वरिष्ठ त्याच्या अचूकपणाचं कौतुक करत.

ज्या फोटोने हे सगळं झालं तो जुलैतला, आमच्याकडे तेव्हा थंडी असते. त्या दिवशी विमानाचं चाक बदलण्यात सकाळ गेली आणि उड्डाण दुपार उलटल्यावर झालं. परतताना ऊन कलतं होतं, गवत सोन्यासारखं पिवळं, आणि एका वळणदार फाट्याच्या काठाने जनावरांचा मोठा कळप ओळीने पाण्याकडे चालला होता. प्रत्येकाची सावली त्याच्या तिप्पट. अंगावर पांढरे ठिपके. मोआगीने श्वास रोखून बटण दाबलं आणि घरी जाऊन फोटोला नाव दिलं, ‘जिथे माणूस नाही’. खाली ओळ लिहिली, ‘संध्याकाळच्या पाण्यावर रानरेडे, पाठीवर बगळे’. मग तो फोटो फेसबुकवर टाकला आणि पर्यटनवाल्यांच्या एका संघटनेने भरवलेल्या स्पर्धेलाही पाठवला.

फोनच्या पडद्यावर ते बगळेच दिसत होते. ओनालेन्नालाही बगळेच दिसले. ती विमानतळावर प्रवाशांचं सामान तोलत असे आणि तिचं मोआगीशी लग्न ठरलं होतं.

लग्न ठरलं म्हणजे मामा लोकांनी ठरवलं. आमच्याकडे बोगादीची बोलणी मामांनी करायची असतात. मुलाकडून मुलीच्या घरी जाणारी गुरं कोणती, किती, कधी, हे सगळं तेच ठरवतात आणि नवरा-नवरी त्या वेळी दुसरीकडे कुठेतरी नम्रपणे बसलेली असतात. मोआगीचे मामा ओतेंग हे मोपानेंग गावचे, गुरांवर जीव असलेले. ओनालेन्नाचे मामा मोसिन्यी हे निवृत्त शाळा तपासनीस. ते गुरं बघायला आले तेव्हा त्यांनी प्रत्येक जनावराच्या तोंडात बोट घालून दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला आणि आठ निवडली. त्यांत मुख्य एक राखी बैल होता, डावं शिंग गालाकडे उतरलेला. मोसिन्यींनी त्याचा कान धरून त्याच्याशी थोडं बोलूनही घेतलं.

त्या वर्षी सगळ्यांच्या गुरांच्या फासळ्या मोजता येत होत्या. ओतेंग मामांची गुरं मात्र गुबगुबीत होती. मोसिन्यींनी हे बोलून दाखवलं. ओतेंग मामा म्हणाले, आपला गुराखी चांगला आहे.

गुराखी चांगला होताच. हत्तींनी पाडलेलं भगदाड कुठे आहे, हे त्याला ठाऊक होतं. मोपानेंगमध्ये ते सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि पलीकडचं हिरवं गवतही. पण इतरांच्या जिवात धाकधूक असे, ओतेंग मामांच्या नसे. दर महिन्याला विमान डोक्यावरून जाई आणि अहवाल येई, कुंपण ठीक. मामा संध्याकाळी ज्वारीच्या बिअरचा डबा फिरवताना लोकांना सांगत, “माझा भाचा रक्ताला जागतो. तोंडाने एक शब्द काढणार नाही, पण जागतो.” मग लोकांनी, माउनमध्ये नोकरी करून इथे गुरं ठेवणाऱ्यांनीही, आपली जनावरं त्या भगदाडातून सोडली आणि ते मोआगीकडे आदराने बघू लागले. त्याला वाटलं, फोटोंमुळे.

स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. समारंभ माउनच्या एका हॉटेलच्या सभागृहात झाला. फोटो मोठा करून भिंतभर लावला होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दोन्ही घरची माणसं आली होती. ओतेंग मामांनी उन्हाळा-हिवाळा न बघता आपला लोकरीचा कोट घातला होता. परीक्षक म्हणून युरोपातून आलेल्या बाई फोटोविषयी बराच वेळ बोलल्या. माणसाचा स्पर्श न झालेलं जग, त्यातली एकाकी शांतता, सावल्यांची लय, असं काहीसं. टाळ्या वाजल्या. मग लोक जवळून बघायला उठले.

आमचा माणूस चित्रासमोर उभा राहिला की उजेड-बिजेड बघत नाही, आधी गुरं शोधतो. यात शिकलेला-न शिकलेला असा भेद नाही. पहिल्यांदा बँकेचे मॅनेजर पुढे गेले. मग हायस्कूलच्या मुख्याध्यापिका. मग दातांचे डॉक्टर. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि एका बगळ्याकडे वाकून पाहिलं. तो बगळा म्हणजे त्यांच्या बांड्या गाईचा उजवा कुल्ला होता. फोनवर ठिपका वाटलेलं सगळं भिंतीवर वीतभर झालं होतं, आणि सावल्यांमध्ये शिंगं उतरली होती. रानरेड्याचं शिंग कपाळावरून केसांच्या भांगासारखं दोन बाजूंना वळतं. इथे सावलीत चक्क आमच्या गाईंची शिंगं होती. कळपाच्या पुढे ज्याची सावली चालली होती त्याचं एक शिंग गालाकडे उतरलेलं होतं.

सभागृहात बोलणं कमी होत गेलं. लोक आपापलं जनावर शोधत होते आणि सापडलं की मागे सरकत होते.

तेवढ्यात उपमंत्री आले. त्यांना उशीर झाला होता, त्यामुळे गर्दीने वाट दिली आणि ते थेट फोटोसमोर जाऊन उभे राहिले. त्यांचा गुरांचा तळ मोपानेंगच्या पुढेच आहे. परदेशी वाणाची, तांबड्या अंगाची आणि पांढऱ्या तोंडाची गुरं तिथे त्यांनी मोठ्या हौसेने आणली आहेत, आणि तसली गुरं त्या भागात दुसऱ्या कोणाकडे नाहीत. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात ती पाण्यात तोंड घालून उभी होती. उपमंत्र्यांनी हातातला पेला सेक्रेटरीकडे दिला. बराच वेळ त्यांनी त्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग माइक मागितला.

“रानरेडे,” ते म्हणाले. “आणि काय सुंदर बगळे आहेत.”

सभागृहाने सुटकेचा श्वास टाळ्यांमधून सोडला. मॅनेजर म्हणाले, संध्याकाळच्या सावलीत शिंगं जरा लांबट दिसतात. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, रानरेड्यांमध्ये तांबूस अंगाची एक जात असते, त्यांनी कुठेतरी वाचलं आहे. मोआगी सगळ्यांशी हात मिळवत होता आणि त्याला अजून काही कळलं नव्हतं.

मोसिन्यी मामांना कळलं होतं. ते ओतेंग मामांच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “रा ओतेंग, हे रानरेडे आहेत?”

“उपमंत्री म्हणाले ना.”

“ते मी ऐकलं. तुम्हाला विचारतोय.”

“रानरेडेच.”

“बरं. म्हणजे मी ज्याचा कान धरून बोललो, तो रानरेडा होता.”

ओतेंग मामांनी कोटाचं वरचं बटण लावलं.

“आमच्या पोरीसाठी रानरेडे ठरले नव्हते,” मोसिन्यी म्हणाले. “हे बघा, भांडायला आलो नाही. ही गुरं असतील तर सरकार त्यांना गोळी घालील. आणि रानरेडे असतील तर आमची गुरं कुठे आहेत ते दाखवा. सोमवारी येतो. अंगणात उभी दिसली पाहिजेत, चालत आलेली.”

बाहेर, गाड्या लावतात तिथे, ओतेंग मामांनी भाच्याला गाठलं. त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी फक्त विचारलं की इतके महिने झाकलंस आणि आज सगळ्या गावासमोर भिंतीला टांगलंस, तुझं मी काय वाईट केलं होतं? मोआगी म्हणाला, काय झाकलं? मामांनी भगदाड सांगितलं, गवत सांगितलं, राखी बैल सांगितला. मोआगीने वळून सभागृहाच्या उघड्या दारातून भिंतीकडे पाहिलं. आता त्यालाही दिसलं, आणि मग ते न दिसणं त्याला जमेना.

“मामा, मला माहीतच नव्हतं.”

“दर महिन्याला वरून जातोस तू.”

“मी पलीकडच्या खिडकीत बसतो.”

“म्हणजे तू मला वाचवत नव्हतास?”

“नाही.”

“आणि तो फोटो? त्यात तर समोर होती.”

“मला वाटलं रानरेडे. पांढरं दिसलं ते बगळे वाटलं.”

ओतेंग मामांना गुरं जाण्याचं जेवढं दुःख झालं असतं त्याहून हे जास्त लागलं. “तुझ्या आईला हे सांगू नकोस,” ते शेवटी म्हणाले. “भाचा चोर निघाला असता तर तिने सोसलं असतं. गाईला बगळा म्हणणारा पोरगा आपल्या घरात निपजला, हे तिला सोसायचं नाही.”

“मला आता अहवाल द्यावा लागेल, मामा. माझं कामच ते आहे.”

“दे की. लग्न तुझं आहे.”

आतून माइकवर जाहीर होत होतं की बक्षिसाचा भाग म्हणून उद्या सकाळी परीक्षक बाई आणि एक पत्रकार मोआगीसोबत विमानाने जातील आणि हे रानरेडे प्रत्यक्ष पाहतील. ओतेंग मामांनी ते ऐकलं, गाडीची किल्ली काढली आणि गेले. त्यांच्या मागे मॅनेजर गेले. मुख्याध्यापिकाबाईंना अचानक घरचं काम आठवलं. उपमंत्र्यांचा सेक्रेटरी फोन कानाला लावून जिना उतरला. जेवणासाठी तासन्‌तास शिजवून कुटलेलं गाईचं मांस मोठ्या भांड्यांत वाफाळत होतं, आणि ते खाणारं कोणी उरलं नव्हतं. आमच्या भागात समारंभातून लोक मांस न खाता उठून गेल्याचं याआधी ऐकिवात नाही. परीक्षक बाईंना वाटलं, इथली माणसं लवकर झोपतात.

सकाळी मोआगी सवयीने काळा शर्ट घालून आला. उजवीकडची पुढची जागा पाहुणी म्हणून बाईंना दिली, तिच्या मागची पत्रकाराला. त्याच्या वाट्याला डावी खिडकी आली. कावारीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि इंजिन सुरू केलं.

कुंपण कुरूप होतं. दोन रांगांत झुकलेले खांब, मध्ये वाळूची वाट, जागोजागी तारांची भेंडोळी. इतक्या ठिकाणी ते पडलं होतं की उभं कुठे आहे तेच लिहून घेणं सोपं गेलं असतं. आणि सगळ्यात मोठ्या भगदाडाशी धूळ उडत होती. धुळीतून गुरं अलीकडे येत होती, कळपच्या कळप, आणि त्यांच्या मागे अख्खं कालचं सभागृह होतं. मॅनेजर बुटांत वाळू भरल्यामुळे लंगडत होते. मुख्याध्यापिकाबाईंच्या हातात झाडाची फांदी होती आणि ती त्या वर्गात वापरतात तशीच वापरत होत्या. एका सरकारी गाडीने तांबड्या, पांढऱ्या तोंडाच्या गुरांची वाट अडवून त्यांना वळवलं. सगळ्यात पुढे राखी बैल, त्याच्या बाजूला लोकरीचा कोट. कोटाने वर पाहिलं नाही.

सूर्य नुकताच वर आला होता. तिरप्या उन्हात ती धूळ पेटल्यासारखी दिसत होती, आणि तिच्यातून शिंगं, माणसं, उगारलेले हात पुढे सरकत होते. मोआगीला फोटो कळतो. आयुष्यात यापेक्षा चांगला फोटो आपल्याला मिळणार नाही, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. कॅमेरा त्याच्या मांडीवर होता. त्याने तो उचलला नाही.

“आज तुला कुंपण दिसतंय वाटतं,” कावारी म्हणाला.

उजवीकडे बाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. पाण्याचं ते वळण आलं. गवत तुडवलेलं होतं, काठाचा चिखल खुरांनी कालवलेला होता, आणि एकही रानरेडा नव्हता. होते ते फक्त बगळे, खरे, पंचवीस-तीस, उघड्या गवतात इकडे-तिकडे बघत उभे. बाईंचे डोळे भरून आले. रानरेडे गेले आणि त्यांचे सोबती वाट बघत राहिले, असं त्या पत्रकाराला म्हणाल्या. त्याने ते लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी छापलंही.

मोआगीने संध्याकाळी अहवाल लिहिला. कुंपण ठीक. आधीचे अहवाल खोटे होते असं म्हणता येणार नाही, ते त्याने न बघता लिहिले होते. बघून लिहिलेला हा पहिलाच.

सोमवारी मोसिन्यी मामा मोपानेंगला गेले, ओतेंग मामांच्या अंगणात राखी बैलाचा कान त्यांनी पुन्हा धरला, आणि लग्नाची तारीख पक्की झाली. तारखेच्या आधीच उपमंत्र्यांच्या तांबड्या गुरांच्या तोंडाला फेस आला आणि ती लंगडू लागली. उपमंत्र्यांनी रेडिओवर सांगितलं की हा रोग पर्यटकांच्या बुटांच्या तळव्यांना लागून येतो. गुरांना हलवायची बंदी झाली. कोणतंही जनावर कोणताही रस्ता ओलांडणार नाही.

ओतेंग मामांचं अंगण आणि ओनालेन्नाचं घर यांच्यामध्ये एक रस्ता आहे. त्यावर आता आडवा बांबू आहे, आणि बांबूशी खुर्ची टाकून पोलीस बसतो. मोआगीकडच्यांनी सुचवलं की गुरांऐवजी पैसे घ्या, हल्ली बरेच लोक घेतात. मोसिन्यी मामा म्हणाले, पैसे चालत अंगणात येत नाहीत.

रोगामुळे खात्याने हवाई पाहणी वाढवायचं ठरवलं. देशातला सर्वोत्तम हवाई छायाचित्रकार खात्याच्याच नोकरीत असल्याचं वरिष्ठांच्या ध्यानात आलं आणि मोआगीला बढती मिळाली, नवा कॅमेराही. तो आता डावीकडे बसतो. पडलेल्या प्रत्येक खांबाचा फोटो काढतो, तारखेसह पाठवतो, आणि दुरुस्तीची माणसं सांगितलेल्या जागी जातात. फेसबुकवर तो काही टाकत नाही. तिथले लोक विचारतात, रा मोआगी, तुम्ही फोटो काढणं सोडलंत का?

तो मोठा फोटो विमानतळाने विकत घेतला. प्रवासी बाहेर पडतात तिथे, ओनालेन्नाच्या सामानाच्या काट्यासमोर, तो लावला आहे. खाली पितळेच्या पट्टीवर ‘जिथे माणूस नाही’ असं कोरलंय. मोसिन्यी मामा दर रविवारी चर्चहून तिथे येतात, टोपी काढतात आणि फोटोसमोर उभे राहतात. परदेशी पाहुण्यांना त्यांचं निसर्गप्रेम बघून भरून येतं. एकदोघांनी त्यांच्यासोबत फोटोही काढून घेतले.

एका रविवारी मोआगी तिथे होता. ओनालेन्ना काट्यामागे कोणाची तरी बॅग तोलत होती आणि कान इकडे लावून होती. मोसिन्यी मामा बैलाकडे बघत म्हणाले, “राखी बैलाच्या फासळ्या दिसायला लागल्या म्हणे.”

“हो, मामा.”

“बंदी उद्या उठली तरी असा बैल अंगणात कसा घ्यायचा? इथे बघ कसा आहे.” “पलीकडे गवत आहे ना अजून?”

“भरपूर आहे.”

“आणि तुझं कुंपण?”

ओनालेन्नाने बॅग काट्यावरून उतरवली नाही. मोआगीने तिच्याकडे पाहिलं, मग फोटोकडे.

“मला आता ते दिसतं, मामा,” तो म्हणाला.

मोसिन्यी मामांनी मान हलवली. “तेच वाईट झालं,” ते म्हणाले, आणि पुन्हा बैलाकडे बघत उभे राहिले.